सांगलीत ऐकलेलं अथेन्स

या पुस्तकातली माणसं सांगली, मिरज आणि तासगावची आहेत. एकदोघं मराठवाड्यातली. प्रकरणांना नावं मात्र आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या गाण्यांची दिली आहेत. हस्तलिखित पहिल्यांदा ज्या मैत्रिणीनं वाचलं, तिनं शेवटचं पान मिटल्यावर विचारलं, ‘‘माणसं कृष्णाकाठची, मग गाणी जॉर्जियाची कशाला?’’ प्रश्न रास्त होता. पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला तो पडेल, म्हणून उत्तर आधीच देते.

जॉर्जिया हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य. तिथं अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. पीटर बक तिथल्या वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि मायकल स्टाइप तिथं गिऱ्हाईक म्हणून यायचा. दोघांच्या आवडी जुळल्या. माइक मिल्स आणि बिल बेरी मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे. चौघं भेटले आणि ५ एप्रिल १९८० रोजी ओकोनी रस्त्यावरच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाला पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. बँडचं नाव शब्दकोश उघडून निवडलेलं. मोठ्या कंपन्यांनी ठोकून बसवलेल्या साच्याबाहेरचं रॉक संगीत तेव्हा छोट्या कंपन्या आणि विद्यापीठांतली रेडिओ केंद्रं यांच्या जोरावर पसरत होतं. पुढे त्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ असं नाव पडलं आणि नंतर त्याचीही बाजारपेठ झाली. ती वाट ज्यांनी चालून चालून मळवली, त्यांत हे चौघं अगदी पुढे होते.

मला या बँडबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट स्टाइपच्या गळ्याची आहे. १९८३ साली त्यांचा ‘मर्मर’ हा पहिला पूर्ण अल्बम आला. ‘थ्रिलर’ जगभर वाजत होता त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला. त्यात स्टाइप काय गातो ते कळत नाही. आवाज गिटारच्या मागे ठेवलेला, शब्द अर्धवट गिळलेले, काही ठिकाणी तर मुळात पूर्ण शब्दच नाहीत. बँडनं गाण्यांचे शब्द अल्बमसोबत छापायलाही कितीतरी वर्षं नकार दिला. ‘ग्रीन’मध्ये एकाच गाण्याचे छापले, सगळे छापले ते थेट १९९८च्या ‘अप’मध्ये. म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ज्यांचं गाव अथेन्सच्या शेजारी, तेसुद्धा कान देऊन आपापला अंदाज बांधत होते. सांगलीतल्या मराठी शाळेतून आलेली मुलगी त्यांच्या मागे कुठं राहिली? इंग्रजी गाणी ऐकताना आपण दाराबाहेर उभे आहोत असं मला इतर बँडांच्या बाबतीत नेहमी वाटायचं. इथं दार उघडं होतं आणि आत रिकामी जागा होती. त्या जागेत माझी माणसं येऊन बसली, म्हणून हे पुस्तक झालं.

सगळ्यात आधी आले ते काका.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दिवसा सहकारी बँकेत कारकून, आणि गणेशोत्सवात, लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवणारे. सज्जाद हुसेन हे त्यांचं दैवत. ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चं संगीत करणारा हा माणूस मेंडोलिनवर मींड कशी काढायचा, हे सांगताना काकांचा डावा हात हवेत सरकायला लागायचा. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. एका जोडीतल्या दोन तारा केसभर जरी वेगळ्या लागल्या तरी काकांच्या कपाळावर आठी पडायची. १९९२मध्ये आमच्या गल्लीत केबल आली. दूरदर्शनपुरत्या असलेल्या घरात अचानक एमटीव्ही शिरला. त्यावर ‘लुझिंग माय रिलिजन’ लागायचं. पहिल्यांदा लागलं तेव्हा काका ओट्यापाशी चहा घेत उभे होते. कप तसाच हातात धरून ते बाहेरच्या खोलीत आले आणि गाणं संपेपर्यंत उभेच राहिले. मग म्हणाले, ‘‘मेंडोलिन आहे. वाजवणारा नवा आहे. पण खोटं वाजवत नाही.’’

पुढे अनेक वर्षांनी मी वाचलं की बकनं ते वाद्य नुकतंच विकत घेतलं होतं. टीव्हीसमोर बसून तो शिकत होता आणि आपला सराव टेपवर घेत होता. दुसऱ्या दिवशी टेप ऐकताना त्या सगळ्या चाचपडण्याच्या मधोमध त्याला ही सुरावट सापडली. काकांनी ते एका ऐकण्यात ओळखलं होतं. त्या गाण्याला धड ध्रुवपद नाही, आघाडीचं वाद्य मेंडोलिन, आणि कंपनीतल्या लोकांना ते पहिलं गाणं म्हणून बाजारात काढण्याची धास्ती वाटत होती. अमेरिकेच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. काकांच्या ऑर्केस्ट्रातून त्याच सुमारास मेंडोलिन बाहेर पडत होतं, कारण कीबोर्डवर एका बटणात तो आवाज निघायचा. आपल्या हातातली विद्या निरुपयोगी ठरत असताना अमेरिकेतला कुणीतरी ती नव्यानं शिकतोय, याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. त्यात हेवा नव्हता. ते प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात मोठं आहे आणि तसंच ते राहू दिलं आहे.

त्याच गाण्याशी आईचीही एक आठवण आहे. चित्रफीत बघता बघता ती म्हणाली, ‘‘हे तर आपल्या कॅलेंडरातल्या देवांसारखं दिसतंय.’’ आम्ही भावंडं हसलो. पण दिग्दर्शक होता जालंधरला जन्मलेला तरसेम सिंग. युरोपातल्या जुन्या चित्रकारांच्या, विशेषतः काराव्हाज्योच्या, शैलीशेजारी त्यानं हिंदू देवादिकांच्या चित्रांची ठेवण मुद्दाम आणली होती, हिंदी सिनेमातली भडक स्वप्नदृश्यं डोळ्यांसमोर ठेवली होती. आईला तिची ओळखीची गोष्ट दिसली, ती खरोखरच तिथं होती.

‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ १९९२च्या ऑक्टोबरात आला. आमच्याकडे तो पोचला मुंबईच्या मावसभावानं भरून दिलेल्या कॅसेटवर, म्हणजे मुखपृष्ठ नाही, नावं निळ्या पेनानं लिहिलेली. अल्बमचं हे नाव अथेन्समधल्या वीव्हर डीज या साध्या खानावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतलेलं आहे. गाणी मात्र मरणाभोवती, वय वाढण्याभोवती, माणसं हातातून सुटण्याभोवती फिरणारी. तिशी ओलांडलेल्या चार माणसांनी हे लिहावं आणि लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सनं त्यातल्या काही गाण्यांसाठी तंतुवाद्यांची रचना करावी, हा योग मोठा होता. मला विचाराल तर त्यांनी याहून चांगलं काही केलं नाही. पण त्याबद्दल निर्मळपणे बोलणं मला जमत नाही, कारण त्या कॅसेटवर किल्लारी बसलेली आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं घरी येऊन निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ती माळवदाची घरं. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवत आणलेले मातीचे थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या कॉलेजमधून कपडे, घोंगड्या आणि ज्वारीच्या पिठाची पोती घेऊन ट्रक निघाला, त्यात मीही होते. तिथं जे दिसलं ते या पुस्तकात एका प्रकरणात लिहिलं आहे. इथं पुन्हा लिहिणार नाही.

सांगायचं आहे ते परत आल्यानंतरचं. माझ्या वर्गातली एक मुलगी औसा तालुक्यातली होती. तिची आजी आणि चुलत्याचं सगळं घर त्या रात्री गेलं. दिवाळीनंतर ती वसतिगृहात परतली. कुणाशी बोलत नव्हती, जेवणाच्या पंगतीत शेवटी यायची. एका संध्याकाळी मी तिच्या कानाला वॉकमनचे हेडफोन लावले आणि ‘एव्हरीबडी हर्ट्स’ सुरू केलं. तिनं ते ऐकलं, टेप मागे फिरवली, पुन्हा ऐकलं. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं तर हातानंच थांबवलं. कितीतरी वेळानं म्हणाली, ‘‘ती टकटक आहे ना, ती थांबत नाही. ती बरी वाटते.’’

हे गाणं मुख्यतः बिल बेरीचं. बेरी ढोल वाजवणारा, आणि या गाण्यात सुरुवातीपासून चालते ती ठेक्याची टकटक एका साध्या यंत्राची आहे. माणसाचा ढोल फार उशिरा येतो. बाकीच्या गाण्यांत शब्द झाकणाऱ्या स्टाइपनं इथं एकेक शब्द स्वच्छ उच्चारला आहे. बकनं पुढे लिहिलं की हे गाणं कोवळ्या वयाच्या मुलांसाठी होतं, म्हणून त्याचे शब्द इतके सरळ ठेवले. ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या संस्थेनं १९९५मध्ये जीव द्यायला निघालेल्या तरुणांपर्यंत पोचण्यासाठी त्याचा उपयोग केला. अनेकांना ते गाणं फार उघड, फार गोड वाटतं, आणि संगीताच्या गप्पांत त्याला नाकं मुरडली जातात. मी त्या गप्पांत भाग घेत नाही. त्या मुलीनं शब्दांकडे लक्षही दिलं नव्हतं. तिला काहीतरी न थांबता चालू राहणारं हवं होतं आणि ते तिला त्या ठेक्यात मिळालं. आज ती सोलापूर जिल्ह्यात पाटबंधाऱ्यांवर काम करते. तिच्या परवानगीनं आणि नाव न घालता हे छापलं आहे.

बँडचा एक नियम मला फार मोठा वाटतो. गाणं कुणीही आणलेलं असो, श्रेय चौघांच्या नावावर, सारखंच. गाण्याखाली बेरी, बक, मिल्स, स्टाइप अशी वर्णानुक्रमे नावं, आणि पैशाचे चार समान वाटे. एखादी गोष्ट चौघांपैकी एकालाही पटली नाही तर ती करायची नाही. पैसा, प्रसिद्धी आणि अहंकार यांपायी फुटलेल्या बँडांची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. मी वाढले ते एकत्र कुटुंबात, जिथं सामायिक विहिरीच्या पाण्यावरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेले पाहिले. चार तरुण मुलांनी विशी-बाविशीत हे ठरवावं आणि तीस वर्षं पाळावं, याचं मोल मला गाण्यांपेक्षा कमी वाटत नाही.

१ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, काही आठवड्यांनी पुन्हा वाजवायलाही लागला. १९९६मध्ये कंपनीशी नवा करार झाला, त्याची रक्कम ८ कोटी डॉलर असल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं. आणि १९९७च्या ऑक्टोबरात बेरीनं बँड सोडला. आपल्या जाण्यानं बँड मोडणार असेल तर जाणार नाही, एवढीच त्याची अट. उरलेल्या तिघांनी चालू ठेवायचं कबूल केलं तेव्हा तो जॉर्जियात आपल्या जमिनीवर गेला आणि गवताची शेती करू लागला.

त्या हिवाळ्यात दादानं पुण्यातली नोकरी सोडून तासगावला द्राक्षबाग लावायचं ठरवलं होतं. घरात महिनाभर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. बाबांचं म्हणणं, शेतीतून मुलांना बाहेर काढायला आपण जन्म घातला आणि हा पुन्हा तिकडेच चालला. मी दादाला बेरीची बातमी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, ‘‘गवताला भाव काय मिळतो तिकडं?’’ हा शेतकऱ्याचा प्रश्न होता, आणि त्या क्षणी मला कळलं की हा आता परत पुण्याला जात नाही. पुढे अवकाळी पाऊस, वेलींवरचा डाऊनी रोग, व्यापाऱ्यानं बुडवलेले पैसे हे सगळं त्यानं पाहिलं. ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय’ हा बेरी असतानाचा शेवटचा अल्बम, बराचसा १९९५च्या दौऱ्यात, कार्यक्रमांत आणि कार्यक्रमाआधीच्या तालमींत ध्वनिमुद्रित केलेला. बागेला औषध मारून आल्यावर रात्री दादा तोच लावायचा. त्यात सतत प्रवास आहे, रस्ता आहे, आणि ऐकणारा मात्र एका जागी रुजायला निघालेला. दादाच्या प्रकरणात हा विरोध मी सोडवायचा प्रयत्न केलेला नाही.

नोकरीनिमित्त मी पुढे काही वर्षं अटलांटाला होते. तिथून अथेन्स शंभरेक किलोमीटर. ज्या चर्चमध्ये बँड पहिल्यांदा वाजला ते १९९०मध्ये पाडलं गेलं, पण त्याचा मनोरा ठेवला आहे. विटांचा, निमुळता, आजूबाजूच्या घरांत एकटा. ‘मर्मर’च्या मुखपृष्ठावर कुडझू नावाच्या वेलीनं गिळलेलं रान आहे. ही वेल मुळात जपानकडची. अमेरिकेच्या दक्षिणेत जमिनीची धूप थांबवण्यासाठी सरकारनंच ती लावायला सांगितली आणि नंतर ती आवरेना. झाडं, विजेचे खांब, ओसाड घरं सगळं तिच्याखाली गेलं. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं आणि नंतर आमच्या बांधाबांधावर पसरलेलं गाजरगवत मला तिथं आठवलं. ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, असं आमच्याकडे म्हणतात. वेल प्रत्यक्ष पाहिल्यावर तो अल्बम मला नव्यानं ऐकू आला. स्टाइपचा आवाज गिटारच्या मागे दडलेला आहे असं मी म्हणत आले होते. तो तिथल्या रानासारखा झाकलेला आहे. खाली जे आहे त्याचा आकार दिसतो, वस्तू दिसत नाही.

हे चौघं नावारूपाला आल्यावरही न्यूयॉर्कला किंवा लॉस एंजेलिसला मुक्काम हलवून गेले नाहीत. कित्येक वर्षं बँडचं ठिकाण अथेन्सच होतं. सांगलीकराला हे लगेच उमजतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीत उभं केलं, त्यासाठी त्यांना आधी पुण्या-मुंबईला जावं लागलं नव्हतं. छोट्या गावात, आपल्या उच्चारात केलेलं काम जगाला पुरू शकतं, हे मला शाळेत सांगितलं गेलं होतं. ते मी ऐकलं मात्र या बँडमुळे.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. ‘मॉन्स्टर’मधली गिटारची खरखर मला तेव्हाही सोसली नाही, आजही सोसत नाही. त्यातलं कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर लिहिलेलं ‘लेट मी इन’ तेवढं मी वेगळं काढून ठेवते. बेरी गेल्यावर ‘अप’मध्ये त्याची रिकामी जागा त्यांनी लपवली नाही, हे मला धाडसाचं वाटतं. २००४चा ‘अराउंड द सन’ मात्र थकलेला आहे. २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी आपल्या संकेतस्थळावर चार शब्द लिहून बँड संपल्याचं जाहीर केलं. निरोपाचा दौरा नाही, भांडण नाही. १३ जून २०२४ला न्यूयॉर्कमध्ये गीतकारांच्या सन्मानाच्या सोहळ्यात चौघं पुन्हा एकत्र उभे राहिले, बेरीसुद्धा, आणि एकच गाणं वाजवून गेले. कुठल्या गाण्यावर त्यांनी बोट ठेवलं हे आता सांगायला नको. काकांनी ते माझ्या फोनवर पाहिलं आणि पुन्हा लाव म्हणाले.

पुस्तक लिहायला बसले ते २०१९च्या ऑगस्टनंतर. कृष्णेनं आयर्विन पुलापाशी धोक्याची ४५ फुटांची खूण कितीतरी मागे टाकली आणि गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. पाणी ओसरल्यावर भिंतीतलं कपाट उघडलं तर सगळ्या कॅसेटच्या फिरक्यांत गाळ बसला होता. गाणी आता कुठंही मिळतात, त्यांचं दुःख नव्हतं. पण त्या डब्यांवर मावसभावाचं अक्षर होतं, दादानं बागेच्या औषधांचं प्रमाण एका आवरणामागे लिहून ठेवलं होतं, आणि एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला काकांचं मेंडोलिन होतं, जे दुसरीकडे कुठंही नाही. ते गेलं. जे अजून कुणाच्या तरी डोक्यात शिल्लक आहे ते त्या माणसांसमोर बसून लिहून घ्यावं, एवढा एकच विचार तेव्हा होता. काकांनी पुष्कळ सांगितलं, दादानं थोडं, आईनं प्रत्येकाचं दुरुस्त केलं.

गाण्यांची एकही ओळ या पुस्तकात छापलेली नाही. जो बँड स्वतः शब्द छापायला इतकी वर्षं तयार नव्हता, त्याचे शब्द मी छापावेत हे मला पटलं नाही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ‘मर्मर’पासून सुरुवात करावी, शब्द शोधत बसू नये. प्रकरणांचा क्रम अल्बमांच्या सालांप्रमाणे लावलेला नाही. माणसं माझ्या आयुष्यात ज्या क्रमानं महत्त्वाची होत गेली तो क्रम ठेवला आहे.

एका प्रकरणाला गाण्याचं नाव नाही. बाबांना या बँडचं एकही गाणं आवडलं नाही. ते भीमसेन ऐकायचे आणि रात्री नऊनंतर आमचा आवाज बंद करायला लावायचे. पण ज्या टू-इन-वनवर हे सारं ऐकलं तो त्यांनी बोनसच्या पैशांतून आणला होता, आणि त्याचं हेड बिघडलं की स्पिरिटचा बोळा घेऊन तेच साफ करत बसायचे. त्या प्रकरणाचं नाव नुसतं ‘बाबा’ असं आहे, आणि ते पहिलं घातलं आहे.